नऊ नंबरची खोली

सीताबर्डीत, चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
मी बेट विकते.
पाच रात्री, सहा दिवस, नाश्ता धरून,
जेट्टीवर घ्यायला गाडी,
गाडीत पाण्याची बाटली, माणशी एक.

बाहेर चव्वेचाळीस.
कूलरच्या ताट्या दोन वाजताच कोरड्या पडतात
आणि मी फोनवर सांगत असते,
हो हो, रूममधून समुद्र दिसतो.

मी समुद्र पाहिलेला नाही.
माझ्याकडे पाणी म्हणजे फुटाळा,
तोही रविवारचा, भाजल्या कणसांच्या धुरातून.

तरी सगळं पाठ आहे.
हॅवलॉकला दोन रात्री, नीलला एक पुरते.
राधानगरच्या किनाऱ्यावर चारलाच पोचा,
सूर्य तिथे लवकर दुकान बंद करतो.
बोट लागत असेल तर मधल्या रांगेत बसा.
सुरमई बिनधास्त घ्या, लॉब्स्टरचा भाव आधी विचारा.
ओहोटीला चप्पल घालूनच चाला.
शिंपले उचलू नका, विमानतळावर काढून घेतात.

पाडव्याच्या आदल्या दिवशी निखाडे सिस्टर आल्या.
मेयोतून छत्तीस वर्षांनी रिटायर.
खुर्ची पुसून बसल्या, मग म्हणाल्या,
"एकटीच चालली मी.
हनिमूनवाल्यांच्या मधात नको टाकू मले."

जेवणाचं कसं? भात, मासे, नारळाचं दूध.
तिखट?
म्हटलं, सावजी नाही मिळणार, सिस्टर.
त्यांनी मान हलवली, जशी नाडी सापडल्यावर हलवत असतील.
(नंतर कळलं, औषधाच्या रिकाम्या बाटलीत मसाला नेला होता,
वर चिठ्ठी चिकटवून:
दिवसातून दोनदा, जेवणासोबत.)

पाहायचं काय काय? मी यादी वाचली.
जुना तुरुंग, चुनखडीची गुहा, काचेच्या तळाची बोट.
"तुरुंग नको. बंद खिडक्या लय पाह्यल्या.
नुसतं बसाले जागा आहे का कुठं?"

माझ्या यादीत बसणं नव्हतं.
पेनाने खाली लिहून दिलं:
बसणे. वेळ मोकळा. तिकीट नाही.

महिन्याने जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या.
नाकाचं साल निघालेलं, दंड काळे.
वाटलं, भांडायला आल्या.
"नऊ नंबरातून समुद्र नाही दिसत, बेटा.
टाकी दिसते. काळी. तेही शेजारच्याची."

मी हॉटेलचा नंबर शोधायला लागले, परताव्याचा फॉर्म,
साहेबांना काय सांगायचं ते.
"थांब न. ऐक तं."

बाथरूमला वर एक झडप आहे.
बादली उपडी घालायची. नळाले धरायचं नाही, हालते तो.
भिंतीला तळहात, एक पाय, मग दुसरा.
तिथून दिसते.
किती?
त्यांनी हवेत वीत धरली,
मग अंगठा जरासा आत घेतला, खोटं नको म्हणून.

पहाटे साडेचार, सगळं हॉटेल झोपलेलं,
आणि बासष्ट वर्षांची बाई गाऊनवर, बादलीवर.
"किनाऱ्यावरचा तं सगळ्यायचा राह्यते.
हा माह्याच होता.
पाच दिवस. ड्यूटी लावल्यासारखी उभी राह्यली."

तक्रार लिहू का, विचारलं.
"पागल झाली का? दुरुस्त करतील ते."

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत नाही.
सूट किती, एवढंच विचारणाऱ्यांना तर नाहीच.
पण एखादा आवाज
प्रश्नाआधी थोडा अडखळतो,
त्याला हळूच सांगते, नऊ नंबर मागा.
बादली आहे का, तेवढं बघून घ्या.

रात्री मानेवाड्याला घरी
कूलरमध्ये पाइप सोडायला मी चढते.
वरच्या फटीतून लांजेवारांची टाकी दिसते.
काळी.
पाणी भरत राहतं, वाळ्याचा वास येतो,
मी टाचा जराशा उचलते.